तळणाचं मी बघते

"झाकण उघडं टाकून विचार करत उभी राहू नकोस, आई. आधी ठरव काय काढायचंय, मग उघड."

"बरं बाई." आईने झाकण लावलं. "तुझ्या पेटाऱ्याची मर्जी सांभाळता सांभाळता माझा जीव जायचा."

पेटारा म्हणजे माझा डीप फ्रीजर. एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून मी तो उचलला होता आणि पेणच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत आणून ठेवला होता. घर आईचं. त्यात आई, माझा धाकटा भाऊ श्रीरंग, आणि सासर कायमचं सोडून आलेली मी, माझ्या सहा वर्षांच्या तन्वीला घेऊन. आल्या दिवसापासून मला कुणी वावगं बोललं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण श्रीरंगसाठी मुली बघणं चालू होतं, आणि एवढ्याशा घरात नवी सून यायच्या आत आपण आपलं चंबूगबाळं आवरावं, एवढी अक्कल मला होती. एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या मी बघून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघराला मागे छोटी गॅलरी होती, फ्रीजर आरामात बसला असता. घरमालक म्हणाले होते, संक्रांतीपर्यंत थांबतो.

त्या खोल्या मला त्या पेटाऱ्यातूनच काढायच्या होत्या. आमची कायस्थ मंडळी खायला रसिक, पण करायचं म्हटलं की कंबर धरतात. खिम्याचे पॅटिस हवेत, वालाचं बिरडं हवं, पण मोड आलेले वाल एकेक करून सोलत कोण बसणार? मी बसायची. सोललेल्या डाळिंब्या आणि वळलेले कच्चे पॅटिस गोठवून विकायची. घरी न्या, शिजवा, तळा नि खा. चार घरांत नाव झालं आणि मग एक दिवस दिघेबाई आल्या.

दिघेबाई म्हणजे आमच्या ज्ञातीमंडळाच्या कार्यवाह, आणि श्रीरंगला सांगून आलेल्या केतकीची आई. एकाच भेटीत दोन्ही कामं उरकणारी बाई. माझे पॅटिस खाल्ले, श्रीरंगला डोळे भरून बघितलं आणि जाताना मला म्हणाल्या, "शुभदा, आपल्या स्नेहसंमेलनाचे पॅटिस तू कर. लोकांना आवडले तर पुढे दर महिन्याच्या कार्यक्रमाचं खाणं तुझ्याकडेच."

मला त्या क्षणी गॅलरीतला फ्रीजर दिसायला लागला. आई तर दिघेबाईंना फाटकापर्यंत पोचवून आली आणि देवापुढे साखर ठेवली. साखर पॅटिससाठी की केतकीसाठी ते मी विचारलं नाही.

आईला मी फ्रीजरचं सगळं शिकवलं होतं. मी बाहेर असले की तिलाच बघावं लागायचं. गरम डबा आत ठेवायचा नाही. कच्चं मटण नेहमी खाली, शिजलेलं वर, म्हणजे खालचं वरच्यावर सांडणार नाही. डाळिंब्या आधी ताटात सुट्या पसरून गोठवायच्या आणि मग पिशवीत भरायच्या, म्हणजे त्या मोकळ्या राहतात, मूठभर हव्या तर मूठभर निघतात. लाइट गेली की झाकणाला हात लावायचा नाही, वरून गोधडी टाकायची. फ्रीजर गच्च भरलेला असला की दोन-चार तासांच्या लोडशेडिंगला तो भीक घालत नाही.

"आणि एक लक्षात ठेव," मी तिला सांगितलं होतं. "कच्चं एकदा विरघळून गरम पडलं की परत गोठवायचं नाही. टाकून द्यायचं."

"टाकायचं? मटण?"

"हो, मटण. थंडीत जंतू मरत नाहीत, आई, नुसते झोपतात. एकदा जागे झाले की वाढतात, आणि काही काही तर असं विष सोडतात की तळूनही जात नाही."

"तुझं आपलं काहीतरीच," आई म्हणाली. पण तिने ऐकलं होतं. आई ऐकायची. म्हणून तर मी निर्धास्त असायची.

संमेलनाच्या आधीच्या आठवड्यात सगळे पॅटिस वळून झाले. आई, मी आणि आमची शेजारीण, तिघी वळत होतो. मध्ये बटरपेपर घालून डबे भरले, फ्रीजर काठोकाठ झाला. मग मी कागदी ताटं आणि खोकी आणायला दादरला गेले. मावशीकडे राहिले, मनसोक्त झोपले, तन्वीसाठी फ्रॉक घेतला आणि दोन दिवसांनी परत आले.

आल्या आल्या पडवीत गेले. झाकण उघडलं तर आतल्या भिंती स्वच्छ. इंचभर साठलेला बर्फ गायब.

"हे कुणी केलं?"

"मीच," आई म्हणाली. ती दारात उभी राहून तांदूळ निवडत होती. "फार बर्फ झाला होता, म्हटलं खरवडून टाकावा. तेवढंच तुझं काम हलकं."

"मी असताना करायचं ना. डबे बाहेर काढलेस?"

"लगेच आत ठेवले. तू म्हणतेस तसंच, कच्चं खाली."

मी वरचा डबा दाबून बघितला. दगडासारखा होता. आणि खरं सांगू? मला भरून आलं. ज्या बाईने वर्षभर माझ्या पेटाऱ्याची टिंगल केली ती वाकून वाकून त्याचा बर्फ काढत होती. मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "पुरे, तांदूळ सांडतील."

संमेलनाच्या दिवशी हॉलच्या मागच्या अंगणात आमची चूल लागली. मी कढई चढवली तशी आईने पदर खोचला.

"तू पुढे हो. दिघेबाईंच्या बरोबर उभी राहा, चार लोकांना दिस. तळणाचं मी बघते."

"इतके पॅटिस? तुझे गुडघे?"

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय. आज तुझा दिवस आहे."

तिने डबे स्वतः उघडले, पॅटिस स्वतः रव्यात घोळवले, मला कढईजवळ फिरकू दिलं नाही. मी नवी साडी नेसून पुढे वाढत होते. लोक दोन-दोन, तीन-तीन घेत होते. तन्वी माझ्या साडीला धरून उभी होती, पहिलं ताट न्यायला आम्ही मागे गेलो तेव्हा आजीने दिलेला पहिला गरम पॅटिस तिच्या हातात होता, आणि जो भेटेल त्याला ती सांगत होती की हे माझ्या आईचे आहेत. दिघेबाईंनी माइकवरून माझं नाव घेतलं. मी स्वतः काही खाल्लं नाही. वाढणाऱ्याला भूक कुठे असते.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला तन्वीच्या पोटात दुखायला लागलं. पुढच्या तासाभरात ती इतक्यांदा ओकली की तिला उभं राहवेना. मी तिला उचलून डॉक्टरांकडे पळाले तर तिथे बाकांवर सगळे आमचेच लोक. कुणी पोट धरून वाकलेलं, कुणी बादलीवर. दिघेबाईंच्या म्हाताऱ्या सासूबाईंना स्ट्रेचरवर घातलं होतं. मला बघून कुजबुज थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

डॉक्टर तन्वीच्या मनगटाला सलाइन लावता लावता म्हणाले, "अन्नातून विषबाधा. काय होतं खाण्यात?"

मी सांगितलं.

देवाची कृपा, सगळे वाचले. तन्वी तीन दिवस दवाखान्यात होती. तिच्या खाटेशी बसून मी माझे हात बघत होते. कुठे चुकलं असेल? खिमा कुठून घेतला, किती वेळ बाहेर होता, हात कितीदा धुतले, पाट कितीदा पुसला, पुन्हा पुन्हा तेच. फ्रीजर चालू होता, डबे दगडासारखे होते, म्हणजे चूक माझ्या हातांचीच. दुसरं काय असणार? बाहेर तर लोकांनी निकाल लावलाच होता. कुणीतरी असंही म्हणालं की तिने स्वतः एक घास खाल्ला नाही, बघा.

मी घरी आल्यावर दिघेबाई आल्या. तोंड घट्ट मिटलेलं. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात आईच बोलली.

"तुमच्या पाया पडायचंय मला, ताई. आमच्या शुभाला घाई फार. कामाच्या गडबडीत हातबीत धुवायचं भान राहत नाही तिला. मी किती वेळा सांगितलं, पण आताच्या मुली ऐकतात का?"

हात धुवायचं भान? माझ्या हातांना त्या महिन्यात साबणाने भेगा पडल्या होत्या, आणि रात्री त्यांना खोबरेल तेल आईच लावून देत होती.

दिघेबाईंचा चेहरा मात्र सैल झाला. "नाही हो वहिनी, तुमचा काय दोष," त्या म्हणाल्या. "उलट तुमचं कौतुक. पोटच्या पोरीची चूकसुद्धा झाकत नाही तुम्ही. अशा घरात मुलगी द्यायला काय हरकत आहे?"

त्या गेल्यावर मी आईला विचारलं, "असं का बोललीस?"

"त्यांचा राग उतरवायला नको? कुणीतरी वाकायला हवं ना. तू काही परकी आहेस का, रुसायला?"

मी रुसले नाही. गिळलं. म्हटलं, चूक झालीच आहे आपल्या हातून, आई तरी काय करणार.

त्यानंतर माझ्याकडे कुणी काही मागायला आलं नाही. चार घरांत झालेलं नाव चाळीस घरांत गेलं ते असं. घरमालकांनी खोल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकल्या. श्रीरंगचं आणि केतकीचं ठरलं. फ्रीजरला वडखळचा एक आइस्क्रीमवाला गिऱ्हाईक मिळाला, तो न्यायला टेम्पो घेऊन येणार होता, म्हणून एका दुपारी मी फ्रीजर रिकामा करायला बसले. दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची बोलणी करायला दिघे मंडळी जेवायला यायची होती. आई स्वयंपाकघरात त्याच तयारीत होती, श्रीरंग तिथेच चहा पीत बसला होता.

"सगळं टाकून दे गं," आई आतून म्हणाली. "काही ठेवू नकोस."

"डाळिंब्या कशाला टाकू? त्यांना काय झालंय? उद्याच्या बिरड्याला होतील."

"नको. टाक त्या."

मी तळातली पिशवी काढली. हाताला कशीतरी लागली. उघडून परातीत उपडी केली तर आतून वीट पडली. पिशवीच्या आकाराची, अख्खी, एकसंध वीट. मी दुसरी पिशवी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच. मी माझ्या हाताने ताटात सुट्या पसरून गोठवलेल्या डाळिंब्या, एक दाणा दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. त्या अशा व्हायला एकच गोष्ट घडावी लागते. आधी सगळं विरघळून पाणी सुटलं पाहिजे, आणि मग ते परत गोठलं पाहिजे.

दोन-चार तासांच्या लोडशेडिंगने तळातल्या पिशव्या विरघळत नाहीत. मी परात तशीच उचलून स्वयंपाकघरात गेले.

"श्रीरंग, मी दादरला गेले होते तेव्हा पडवीतली लाइट बंद होती का?"

"लाइट?" त्याने आठवलं. "नाही. हां, तो गिझर बसवायला माणूस आला होता ना, बाथरूममध्ये. त्याला शॉक बसू नये म्हणून मागच्या बाजूचं मेन बटण मी बंद केलं होतं. मग मित्रांबरोबर बाहेर गेलो तो परत चालू करायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने केलं."

"दुसऱ्या दिवशी दुपारी."

"आई म्हणाली, काही झालं नाही, तू डोक्यात घेऊ नकोस." आता त्याची नजर परातीवर गेली. हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. पण आधीच बोलायला सुरुवात केलेली, तो बोलतच गेला. "मला काय माहीत, ताई. मला वाटलं खरंच काही झालं नाही. मी तर त्यातला एकही खाल्ला नाही. आईच म्हणाली होती, तू पॅटिस घेऊ नकोस."

शेगडीवर आमटी उकळत होती. आईने गॅस बंद केला. श्रीरंगने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, अर्धा चहा तसाच टाकून उठला आणि गाडी घेऊन कुठेतरी निघून गेला. भांडणात थांबायची त्याला लहानपणापासून सवय नाही.

"म्हणजे तू बर्फ खरवडलाच नव्हतास," मी म्हटलं.

आईने आमटीवर झाकण ठेवलं.

"मला फोन का केला नाहीस? मावशीच्या घरी फोन होता."

"तू सगळं टाकून दिलं असतंस."

"हो. दिलं असतं."

"आणि मग? संमेलनाला काय देणार होतीस? दिघेबाईंनी शब्द टाकला होता तुझ्यासाठी. त्यांना काय सांगायचं, की आमच्या श्रीरंगने असा घोटाळा केला? नुकतं कुठे जमत आलं होतं त्याचं."

"म्हणून गावाला नासकं वाढलंस."

"नासकं नव्हतं ते. मी वास घेऊन बघितला होता. मला वाटलं, उकळत्या तेलात सगळं मरतं. खरंच वाटलं, शुभा. देवाशपथ."

मी कदाचित तेही मानलं असतं. आई आहे, जुन्या वळणाची आहे, तेलावर तिचा विश्वास माझ्या बोलण्यापेक्षा जास्त असेल. मला ते मानायचं होतं, अगदी मनापासून.

"मग श्रीरंगला नको का म्हणालीस?"

ती ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसायला लागली. ओटा कोरडाच होता.

"मनात धाकधूक होती थोडी."

"आणि तन्वीला देताना नव्हती ती धाकधूक?"

फडकं थांबलं.

"आई, मी तुला विचारतेय. पहिला पॅटिस तू स्वतः तिच्या हातात दिलास."

"तिने मागितला," आई म्हणाली. इतक्या हळू, की मला पुढे सरकावं लागलं. "तू शेजारी उभी होतीस. सगळ्यांच्या देखत. तिला नको म्हटलं असतं तर तिने 'का' म्हणून विचारलं असतं. तू विचारलं असतंस."

मी खाली बसले. लोकांनी मला घाणेरडी म्हटलं ते मी सोसलं, आईने चार माणसांत मला खाली बघायला लावलं ते सोसलं. माझ्या मनात एकच होतं, की जगात कुणी नसलं तरी माझ्या पोरीला ही आजी आहे. दवाखान्यात ती रोज माझ्यासाठी डबा आणत होती. तन्वीचे पाय चेपत रडत होती. मी तिला धीर देत होते, म्हणत होते, आई, तू नको रडू, चूक माझी आहे. आणि ती ते ऐकून घेत होती.

"मला कळतं तुला काय वाटतंय ते," आई म्हणाली. "पण झालं ते झालं, पोर बरी झाली. उद्या ती मंडळी येणार आहेत. तू त्यांच्यासमोर काही बोलणार नाहीस ना?"

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. तन्वी शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि नेहमीसारखी थेट स्वयंपाकघरात घुसली. आजी रोज तिच्यासाठी काहीतरी करून ठेवायची. त्या दिवशी दडपे पोहे होते. आईने घाईघाईने डोळे पुसले, बशी भरली, वर खोबरं घातलं आणि तिच्यापुढे धरली. तन्वीने बशी घेतली आणि चमचा उचलला.

मी उठले आणि ती बशी तिच्या हातातून काढून घेतली.

"आई, मला भूक लागलीय."

"मी करून देते. आजपासून मीच करून देणार. आजीच्या हातचं खायचं नाही."

"का?"

पोर काही रागावली नव्हती. तिला फक्त कळत नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मला तिच्या डोळ्यांत दिसलं की ती विनवत होती.

"आजीला विचार," मी म्हटलं.

तन्वी वळली आणि आजीचा पदर धरून तिने विचारलं, "आजी, का?"

आई तिच्या हातातून पदर सोडवून घेऊन देवघरात गेली. आठवड्याभरात मी पनवेलला एका मैत्रिणीकडे बिऱ्हाड हलवलं. तन्वी आता नोकरीला लागली आहे. दिवाळीला आजीला भेटायला जाते, दरवेळी तेच विचारते. अजून तिला उत्तर मिळालेलं नाही.